तांब्याची शिरोरेषा

फेरिक क्लोराइडचा डाग पांढऱ्या बाथटबवरून जात नाही, असं त्या बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण बाटल्यांवरच्या सूचना आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या माणसांसाठी असतात, अशी माझी त्या काळी समजूत होती. घरच्या घरी सर्किट बोर्ड करायचा म्हणजे तांब्याचा पातळ थर चढवलेली एक पाटी घ्यायची, विजेनं जिथून जायचं त्या वाटा तिच्यावर शाईनं रेखायच्या आणि पाटी या रसायनात बुडवून ठेवायची. शाईखालचं तांबं वाचतं, बाकीचं विरघळून जातं. मी ती एका जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात बुडवली, डबा बाथटबच्या काठावर ठेवला आणि टॉवेल घ्यायला वळताना कोपरानं पाडला. डाग तपकिरी पडला, चांगला हातभर लांब. माझा रूममेट मिलिंद दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. त्याच्या मते डागाचा आकार विदर्भासारखा होता. तो नागपूरचा असल्यामुळे त्याला ढगांतही विदर्भ दिसायचा. मग तो म्हणाला, "काय करून राहिला बे? हे घर आपलं नाही ना बाप्पा." आणि त्या दिवसापासून घरात केमिस्ट्री बंद झाली.

मी शिकत होतो इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग. इलेक्ट्रॉनिक्स हा छंद होता, म्हणजे ज्यात कुणी नापास करू शकत नाही असा विषय. केमिस्ट्री बंद झाल्यावर मग उरला एकच मार्ग, तो म्हणजे बोर्ड चीनमधून करून मागवायचा. हे तेव्हा नुकतंच आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं होतं. कॉम्प्युटरवर नकाशा काढायचा, फाइल शेन्झेनकडच्या कुठल्याशा कारखान्याला पाठवायची, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत दुकानातल्या रेडिओत असतो तसा गुळगुळीत, भोकं पाडलेला, अक्षरं छापलेला बोर्ड पोस्टानं दारात. बोर्ड इतका स्वस्त पडे की टपालखर्चच जास्त वाटायचा. एकच अट होती. एक बोर्ड ते करत नसत. दहा घ्या, हवं तर नऊ फेकून द्या. माझ्यासारख्या माणसाला एकच चूक दहा प्रतींत बघायला मिळायची, ती अशी. हल्ली या पार्सलांना सरकारनं कर लावलाय. डबा आधी, बिल नंतर, नाहीतर बिल आधी आणि डबा कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, माझ्या गराजमध्ये आजही मी हाच उद्योग करतो. पण तेव्हा त्या डब्यांना कुणी अडवत नसे, आणि दोन देशांच्या सीमा ओलांडून आलेली आपली स्वतःची चूक हातात धरण्यात एक वेगळी ऐट होती.

स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावातलं आमचं तेव्हाचं घर म्हणजे विटांच्या तीन मजली इमारतीतलं मधल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट. हिवाळा सुरू झाला की भिंतीतले गरम पाण्याचे पाइप ठोके द्यायचे, जणू पलीकडून कुणी आत येऊ का विचारतंय. खाली कॅम्पसची बस थांबायची तेव्हा एक लांब उसासा टाकायची. आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. गावात भारतीय सामानाचं दुकान एकच, लाँड्रीच्या शेजारी. तिथली तूरडाळ आमच्यापेक्षा वयानं मोठी असावी, कारण ती किती शिजवली तरी मऊ व्हायचं नाव घेत नसे. स्वयंपाकाची पाळी असायची. मिलिंदच्या पाळीला लाल तर्रीचा रस्सा, जो खाताना आम्ही बोलत नसू, कारण तोंड उघडलं की आग वाढते. माझ्या पाळीला भात, आणि आईनं इस्लामपूरहून पाठवलेली शेंगदाण्याची चटणी, जिच्यावर मी स्वयंपाकी म्हणून टिकून होतो. रविवारी सकाळी मिलिंदच्या बाबांचा फोन यायचा. पहिल्यांदा ते फक्त मिलिंदला जय भीम म्हणायचे. मग मागे भांड्यांचा आवाज ऐकून "कोण आहे तिकडे" विचारायला लागले. नंतर नंतर "माधवला दे" म्हणायला लागले, आणि माझं पोट बरं आहे का, हे विचारायचे. त्यांना पोराच्या हातच्या रश्श्याची कल्पना होती.

वरच्या मजल्यावरच्या शिट्ट्या ज्या घरातून यायच्या तिथे तीन मुली राहायच्या. ऋचा पुण्याची, घराची व्यवस्था बघणारी. फ्रिजवर कुणाचं दूध कुठलं याच्या चिठ्ठ्या तिच्या अक्षरातल्या. मेघना इथेच अमेरिकेत, पिस्कॅटवेला जन्मलेली, आईबाबा मराठी. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. आणि तिसरी सुजाता, मिलिंदची मावसबहीण, स्टॅटिस्टिक्स करणारी. ती आता माझी बायको आहे हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा पुढे उगीच काळजी करत बसेल. तेव्हा मात्र ती माझ्याशी फार बोलत नसे. जिन्यात भेटली आणि मी मागून हाक मारली तर बऱ्याचदा वळूनही बघत नसे. समोरून भेटली की मात्र चेहऱ्याकडे इतकं रोखून बघायची की माझ्या दाताला कोथिंबीर अडकलीय का, असं मला वाटायचं. ऋचाचं मत असं की सुजाता स्वतःच्याच हवेत असते. मेघना त्याला "शी झोन्स आउट" म्हणायची. मी मनातल्या मनात तिला गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं, आणि ते मला तिच्यात आवडायलाही लागलं होतं, हा भाग निराळा.

मग ती आग लागली. म्हणजे आग नाही, डाळ लागली. बर्फ पडत होता, दुपारची वेळ होती, आणि इमारतीतला स्मोक अलार्म असा काही किंचाळायला लागला की आम्ही सगळे आहोत त्या कपड्यांत बाहेर. मी पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून बर्फात उभा होतो. तळमजल्यावरचे एक वयस्कर गृहस्थ मांजर कोटात घेऊन उभे होते. बंब आला, दोन धिप्पाड माणसं वर गेली, आणि थोड्या वेळानं सुजाताला घेऊन खाली आली. ती कुकर चढवून खोलीत दार लावून वाचत बसली होती. स्वयंपाकघरात धूर, डोक्यावर अलार्म, आणि ही वाचतेय. बंबवाल्यानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकली. ऋचा आणि मेघना क्लासवरून परत आल्या तर अख्खी इमारत बर्फात. ऋचानं विचारलं, अलार्म ऐकू आला नाही का? सुजाता म्हणाली, हेडफोन लावले होते. ते मी ऐकलं. तिच्या गळ्यात, कानात, हातात कुठेच हेडफोन नव्हते हेही मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. मी चपलांचा विचार करत होतो.

इमारत भाड्यानं देणाऱ्या लीझिंग ऑफिसकडून तंबी आली. ऋचानं वरच्या घरात बैठक बोलावली आणि ठरलं असं, की सुजातानं कुकर लावायचा नाही, दोघींपैकी कुणी घरात नसेल तर गॅसच पेटवायचा नाही. त्या आपल्या जेवणातलं तिला देतील. शिवाय ऑगस्टमध्ये लीझ नवं करायचं होतं. ऋचाच्या ओळखीची एक मुलगी तिसरी खोली घ्यायला तयार होती, तेव्हा सुजातानं दुसरीकडे बघावं, नाही का, सगळ्यांच्याच सोयीचं. हे सगळं ऋचानं अगदी सभ्यपणे सांगितलं, असं मेघना पुढे अनेकदा म्हणाली. सुजातानं मान डोलावली. वाद घालायचा तर खरं कारण सांगावं लागलं असतं.

खरं कारण मला मिलिंदनं सांगितलं, कांदा चिरताना, माझ्याकडे न बघता. लहानपणीच्या एका तापात सुजाताचं उंच पट्टीच्या, बारीक आवाजांचं ऐकणं गेलं होतं. बोलणं ऐकू येतं, समोरच्याचं तोंड दिसत असेल तर जवळजवळ सगळं. पण पाखरं नाहीत, मायक्रोवेव्हची पिपाणी नाही, तो अलार्म नाही आणि कुकरची शिट्टी तर नाहीच. नागपूरला घरी सगळ्यांना माहीत होतं, तिथं आई "झाली एक" असं हातानं दाखवायची. इकडे येताना तिनं ठरवलं होतं की कुणाला सांगायचं नाही. कानात यंत्र लावायलाही ती तेव्हा तयार नव्हती. पहिल्या बाकावर बसायचं, समोर बघायचं, भागतं. तिनं आमच्या मावशीची शपथ घातलीय, असं मिलिंद म्हणाला, आणि तिनं ती मला घातलीय, तुला नाही, तेव्हा तू ऐकू शकतोस. नागपूरच्या तर्कशास्त्राची ही एक शाखा आहे. मग सुरी खाली ठेवून म्हणाला, "कुकर काढून घेतला ना तिच्याकडून, तेव्हापासून जेवतच नाही धड. दुसऱ्याच्या हातचं खाते पाहुण्यासारखं."

माणसाला एखादा हत्यारांचा छंद असला की जगातलं प्रत्येक दुःख त्याला आपल्या हत्याराजोगं दिसायला लागतं. मी त्याच संध्याकाळी ठरवलं की शिट्टी दिसेल असं यंत्र करायचं. शेगडीजवळ ठेवायचं, आत छोटा माइक, आवाज झाला की एक दिवा लागेल, पुन्हा झाला की दुसरा. चार दिवे, चार शिट्ट्या. तिला विचारावं, असं माझ्या मनात आलंच नाही. यंत्र तयार झालं की मिलिंदमार्फत सहज म्हणून वर पाठवायचं, असा बेत होता. नकाशा काढला. सगळं बसल्यावर मधे थोडी मोकळी जागा उरली, आणि तिथे मी "सुजाता" असं लिहिलं. साधं पांढऱ्या शाईत छापता आलं असतं, बोर्डावरची अक्षरं तशीच असतात. पण मला ती तांब्यात हवी होती, वर सोन्याचा मुलामा दिलेली, कारण तांब्याची अक्षरं बोर्डावर दागिन्यासारखी दिसतात. रंग मिलिंदनं निवडला. निळा, दुसरा विषयच नव्हता. नकाशाच्या प्रोग्रॅमला देवनागरी येत नव्हती, म्हणून अक्षरं मी चित्र म्हणून चिकटवली, आणि नाव ऐटीत बसावं म्हणून ओढून ओढून अगदी दोन्ही कडांपर्यंत मोठं केलं. प्रोग्रॅम चुका तपासतो, पण चित्रात तो काही तपासत नाही. त्याला ते निव्वळ चित्र वाटतं.

दोन दिवसांनी कारखान्यातून ईमेल आली. फायली बघणारी जी कोणी होती ती सँडी अशी सही करायची. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे आमचं छान जमायचं. तिनं लिहिलं होतं, प्रिय मित्रा, तुमच्या चित्राच्या डोक्यावर एक लांब रेघ आहे, ती दोन्ही पॉवर लाइनना जोडली जाते, ती काढून टाकू का? यातलं मधलं वाक्य मी वाचलंच नाही. माझ्या डोळ्यांना फक्त "रेघ काढून टाकू का" एवढंच दिसलं. इस्लामपूरच्या शाळेत आमच्या मराठीच्या बाई शिरोरेषा न देणाऱ्याची वही हवेत धरून विचारायच्या, "हे काय, गुजरातीत लिहिलंय का?" त्या बाई माझ्या अंगात आल्या. मी सँडीला लांबलचक उत्तर लिहिलं. आमच्या लिपीत अक्षरं या रेषेला लटकलेली असतात, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. दोरी काढली तर कपडे पडतील. ही लिपी फार जुनी आहे. कृपया रेषेला हात लावू नये, आणि ती अखंड ठेवावी. "अखंड" या शब्दासाठी मी डिक्शनरीत तीन इंग्रजी शब्द पाहिले आणि तिन्ही वापरले. सँडीचं उत्तर एका ओळीचं होतं. ठीक आहे मित्रा, तुमच्या फाइलप्रमाणे करू, तुमची अक्षरं सुंदर आहेत. ते उत्तर मी मिलिंदला वाचून दाखवलं. चीनमध्ये मराठीचा मान राखला गेला म्हणून त्या दिवशी आम्ही पापड तळले.

डबा आला तो शनिवारी दुपारी. दहा निळे बोर्ड, दहांवर सोनेरी सुजाता. खरंच सुंदर होते, आजही म्हणेन. मी एकावर सगळे भाग सोल्डर केले, बॅटरी जोडली आणि बॅटरी हातात चहाच्या कपासारखी गरम व्हायला लागली. दिवा एकही नाही. काढली, दुसरा बोर्ड जोडला, तेच. मग मीटर घेतला. त्या मीटरची दोन टोकं एकाच तारेला लागली की तो टूं करतो. मी टोकं कुठेही लावली तरी टूं. बॅटरीची अधिक बाजू आणि उणे बाजू कुठेतरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. तासभर मी भिंगातून बोर्ड बघत होतो. मिलिंद सिव्हिलचा, त्याला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तो माझ्यासारखा भाग न बघता नुसतं नाव वाचत बसला होता. शेवटी त्यानं नखानं डावीकडून उजवीकडे हळूच रेघ ओढली आणि म्हणाला, "हे तांबं आहे ना बे? मग करंट सु-जा-ता असा डोक्यावरून चालत नाही जाऊन राहिला?" मी मीटरची टोकं शिरोरेषेच्या दोन टोकांना लावली. टूं. डावीकडचं टोक त्या कडेनं जाणाऱ्या अधिकच्या वाटेला भिडलेलं, उजवीकडचं उणेच्या. सँडीनं हेच विचारलं होतं. ही चूक इंग्रजीत होऊच शकत नाही, त्यांची अक्षरं एकमेकांना धरून उभी नसतात.

मिलिंदला त्यात खरी गोडी पुढे सापडली. त्यानं कागद घेतला आणि नावं लिहून बघायला लागला. "माधव" लिहिलं. म्हणाला, बघ, ध आला की रेघ तुटते. स्वतःचं नाव टाकलं असतंस तर चाललं असतं. "भीम" लिहिलं असतंस तरी वाचला असतास, भ सुद्धा तुटतो. आपल्या पाच जणांत रेघ तोडणारं नाव तुझं एकट्याचं, आणि तू नेमकं ते सोडून दुसरं घेतलंस. हे माझ्या लिपीबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं, बाईंनीही नाही. अर्थात उपाय सोपा होता. रेषा कुठेतरी कापायची. मी धारदार ब्लेड काढलं, बोर्ड टेबलावर दाबून धरला आणि "सु" आणि "जा" यांच्या मधली रेषा खरवडायला लागलो. दार उघडंच होतं, पाइपांमुळे घर तापायचं म्हणून. सुजाता हिंग मागायला आली होती.

ती बहुतेक बराच वेळ उभी असावी. टेबलावर तिच्या नावाच्या दहा पाट्या मांडलेल्या, आणि एक मुलगा ब्लेडनं त्यातल्या एकीवरचं नाव खरवडतोय. मिलिंदला ती दिसली आणि तो हिंग आणायला म्हणून आत गेला तो बाहेरच आला नाही. तिनं विचारलं, "माझं नाव का कापतोयस?" मी खाली मान घालून काहीतरी पुटपुटलो. तेव्हा ती म्हणाली, "वर बघून बोल. मला तोंड दिसलं पाहिजे." नागपूरबाहेरच्या माणसाला तिनं हे पहिल्यांदाच सांगितलं असावं. मी वर बघून सगळं सांगितलं, माइक, दिवे, शिट्टी, सँडी, शिरोरेषा, एकात एक गुंतवून, मधेच मराठीच्या बाईही आल्या. ती ओठांकडे बघत ऐकत होती. दादानं सांगितलं का, एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हणालो. मग ती सावकाश म्हणाली, "मला ऐकू येत नाही, हे मी तुला सांगायचं होतं. तू मला नाही." मी ब्लेड खाली ठेवलं. तिनं एक बोर्ड उचलला, उन्हात तिरका धरला, सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं. दहा कशाला, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, त्याहून कमी ते करत नाहीत. ती म्हणाली, "बरं." हे "बरं" पुढे माझ्या चांगलंच ओळखीचं झालं. आमची मुलगी इरा आता कॉलेजला जायच्या वयाची आहे, ती हा किस्सा ऐकून दर वेळी विचारते, "बाबा, वॉज इट अ लव्ह लेटर ऑर अ प्रॉडक्ट?" मी तिला दर वेळी किमान दहा नगांची अट समजावून सांगतो.

रेषा कापल्यावर यंत्र चाललं. टाळी वाजवली की दिवा लागायचा. सुजाता ते घेऊन वर गेली, आणि मला वाटलं होतं तसं ते गुपचूप शेगडीमागे ठेवण्याऐवजी तिनं ते जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं आणि ऋचा आणि मेघना दोघींना बोलावून सांगितलं. हेडफोन नव्हते. मला अलार्म ऐकू येत नाही, शिट्टी ऐकू येत नाही, तू मागून हाक मारतेस ती ऐकू येत नाही. यानंतरचं मला तिघींकडून तीन प्रकारे कळलं, पण एवढं तिन्हींत सारखं आहे की ऋचा म्हणाली, मला वाटायचं तू मुद्दाम लक्ष देत नाहीस. मेघना म्हणाली, "यू कुड हॅव टोल्ड अस." सुजाता म्हणाली, सांगितलं असतं तर कुकर पहिल्याच दिवशी काढून घेतला असतात, आता निदान डाळ लागेपर्यंत तरी मिळाला. ऋचा व्यवहारी होती, वाईट नव्हती. ती म्हणाली, लीझिंग ऑफिसकडे माझी सही आहे, मला खात्री हवी. रविवारी तू कुकर लाव, आम्ही सगळे बघतो. दिवे बरोबर लागले तर लीझवर तुझं नाव, आणि त्या दुसऱ्या मुलीला मी नाही म्हणून कळवीन. ऑगस्टमध्ये ती दुसरी मुलगी आली नाही, हेही सांगून टाकतो. पण ते दिव्यांमुळे नव्हे.

रविवारी आम्ही दोघं वर गेलो, मी निर्माता म्हणून, मिलिंद भाऊ म्हणून. वरचं स्वयंपाकघर एवढंसं, पाच माणसं उभी राहिली की फ्रिज उघडत नसे. सुजातानं डाळ धुतली, हळद-हिंग घातलं, कुकर चढवला आणि यंत्र शेगडीच्या बाजूला ठेवून समोर उभी राहिली, हात मागे बांधून. आम्ही चौघं तिच्या मागे अर्धवर्तुळात. खरं तर तिच्या घराचा प्रश्न होता, माझ्या माइकचा नव्हता, पण मला फक्त माइक दिसत होता. वाफ सुसू करायला लागली. मग खणखणीत शिट्टी झाली, आणि पहिला दिवा लागला. सुजातानं मान वळवून आमच्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरलेलो नाही. तिला जे कधी ऐकू येत नव्हतं ते तिला सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. मी आनंदानं टाळी वाजवली. मेघना खदखदून हसली, तिचं हसणं खालच्या मजल्यावर ऐकू यायचं. मिलिंदनं शेजारच्या शेगडीवर फोडणीची तयारी म्हणून मिरच्या टाकल्या आणि त्या ठसक्यानं तो भिंत हादरेल असा शिंकला. सगळे बोलत होतो, दिव्यांकडे बघत होतो, आणि दिवे एकामागून एक लागत होते. चौथा लागला. सुजातानं शांतपणे गॅस बंद केला. ऋचा म्हणाली, वा.

पुढचं सगळं आम्ही नंतर जुळवलं. पहिल्या शिट्टीचा दिवा खरा होता. दुसरा माझ्या टाळीचा, तिसरा मेघनाच्या हसण्याचा, चौथा मिलिंदच्या शिंकेचा. कुकरनं शिट्टी दिली होती ती एकच. झाकण काढल्यावर सुजातानं डाळ घोटायला घेतली तेव्हा ती भांड्याच्या कडेला खडे आपटावेत तशी टकटक वाजत होती, आणि ते तिला सोडून आम्हा चौघांना स्वच्छ ऐकू येत होतं. वर फोडणी बसली, भाताबरोबर ताटं वाढली गेली. ऋचा पुण्याच्या सभ्यपणानं छान झालीय म्हणाली. मेघना म्हणाली, "इट्स लाइक, अल डेंटे," म्हणजे इटालियन लोक किंचित कच्च्या ठेवलेल्या पास्त्याला म्हणतात ते. मिलिंद खाली बघून चावत होता, आणि मी तर दुसऱ्यांदा वाढून घेतली. सुजातानं पहिला घास घेतला. चावला. आणखी चावला. मग चमचा ताटात ठेवून तिनं विचारलं की खऱ्या शिट्ट्या किती झाल्या? आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि मग चौघांनीही दिव्यांकडे बघितलं. चारही लागलेले होते. कुणालाच माहीत नव्हतं. ती आमच्या तोंडांवरून एकेक करत नजर फिरवत गेली, ऋचा, मेघना, मिलिंद, मी.

"मला ऐकू येत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचं चौघांचं काय?"